शकावली आणि करीना

कल्पित विश्वात घडणाऱ्या कथा या मासिकाकडे सातत्याने येऊ लागल्या आहेत, ही गोष्ट आम्हांस मनःपूर्वक आनंद देणारी आहे. मात्र यांपैकी पुष्कळ हस्तलिखितांची घडण एकाच प्रकारची असते: आरंभी नकाशा, मागोमाग राजवंशांची वंशावळ, नंतर युगांची आणि युद्धांची सनवार जंत्री, आणि हे सारे दप्तर ओलांडल्यावर कुठे पहिले पात्र तोंड उघडते. लेखकाच्या परिश्रमांविषयी शंका घेण्यास जागा नसते. तरीही इतके सारे वाचून झाल्यावर त्या भूमीला भूतकाळ आहे असा प्रत्यय येत नाही, तेथे केवळ सनावळी आहे असे वाटत राहते. असे का व्हावे, याचा विचार या व्यवसायातील प्रत्येकाने करावयास हवा.

या बाबतीत जे. आर. आर. टॉल्किन यांचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी जी पुराणे रचण्यास आरंभ केला, त्यांवर ते आयुष्याच्या अखेरपर्यंत काम करीत राहिले. १९३७ साली ‘हॉबिट’ प्रसिद्ध होऊन लोकप्रिय झाल्यावर तो संभार त्यांनी प्रकाशकापुढे ठेवला असता तो स्वीकारला गेला नाही, आणि ‘सिल्मरिलियन’ या नावाने तो वाचकांच्या हाती पडला तो १९७७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, त्यांचे चिरंजीव क्रिस्टोफर यांनी संपादन केल्यावर. या हकीकतीवरून पूर्ववृत्त जितके विपुल तितके विश्व सखोल, असा निष्कर्ष काढला जातो. विपुलतेचा उपयोग आहेच. पण टॉल्किन यांच्या कारागिरीचे मर्म आमच्या मते दुसऱ्याच, पुष्कळ लहान अशा एका प्रकरणात आहे.

‘हॉबिट’च्या पहिल्या आवृत्तीत बिल्बो आणि गॉलम यांच्यात कोड्यांची पैज लागते आणि गॉलम हरला तर त्याने बिल्बोला एक भेट द्यावी असे ठरते. ती भेट म्हणजे त्याची अंगठी. तो हरतो, अंगठी शोधू लागतो, आणि ती सापडत नाही म्हणून बिल्बोची क्षमा मागून त्याला बाहेरची वाट दाखवतो. पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये त्याच अंगठीला सर्वनाशी सामर्थ्य प्राप्त झाले, तेव्हा असली वस्तू कोणी राजीखुशीने देऊ करील हे असंभवनीय ठरले. टॉल्किन यांनी ते प्रकरण नव्याने लिहून नमुन्यादाखल प्रकाशकाकडे पाठवले, आणि १९५१ च्या आवृत्तीत ते छापलेही गेले. आता गॉलम अंगठी देऊ करीत नाही, उलट बिल्बोच्या जिवावर उठतो आणि तो निसटल्यावर चोर, चोर म्हणून आक्रोश करतो. दुसऱ्या एखाद्या लेखकाने जुना मजकूर रद्दबातल समजून पुढची वाट धरली असती. टॉल्किन यांनी तो आपल्या विश्वाच्या दप्तरात दाखल करून घेतला: पहिली हकीकत ही बिल्बोने स्वतः सोबत्यांना सांगितलेली आणि आपल्या आठवणींत लिहून ठेवलेली असत्य हकीकत होय, असा त्यांनी निवाडा दिला. एवढा सरळ गृहस्थ खोटे का बोलला? अंगठीवरचा आपला हक्क निर्वेध दिसावा, ती आपण जिंकून मिळवली असे ठरावे, म्हणून. गॉलमही ती आपल्याला वाढदिवसाची भेट म्हणून मिळाल्याचे सांगत असे, आणि वस्तुतः तिच्यासाठी त्याने आपल्या मित्राचा खून केला होता. या दोन सबबींतील साम्य गॅन्डाल्फच्या ध्यानात येते, आणि त्या साम्यातच अंगठीचा खरा स्वभाव त्याला दिसतो. शेकडो वर्षांची सनावळी देऊनही जे साधले नसते, ते एका खोट्या साक्षीने साधले.

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना यातला भेद नवा वाटणार नाही. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातून आपणांस शकावलीही मिळाली आणि करीनाही. शकावलीत शक, महिना, तिथी आणि घटना, एवढाच मजकूर. लोकमान्य टिळकांनी ती प्रकाशात आणली आणि शिवजन्मतिथीच्या वादात तिला मोठे महत्त्व आले. करीन्याची जात निराळी. तेथे घराणे स्वमुखाने आपली हकीकत सांगते: कोणती सेवा केली, कोणता प्रसंग सोसला, कोणता शब्द मिळाला. वतनाच्या तंट्यात अग्रवादी आणि पश्चिमवादी आपापली पूर्वपीठिका गोतसभेपुढे मांडीत, साक्षी होत, प्रसंगी दिव्यही होई, आणि मग महजर लिहिला जाई. त्या कागदांत तीन पिढ्यांपूर्वीचा खून आजच्या शेताच्या बांधासाठी उकरून काढलेला असतो, आणि म्हणूनच तो अजून ताजा वाटतो. आपल्या कल्पित राज्यात दोनशे वर्षांपूर्वी महायुद्ध झाले असेल, तर निवेदकाने त्याचे प्रवचन करू नये. एका धरणाच्या पाण्यावरून भांडणाऱ्या दोन गावांना ते युद्ध आपापल्या सोयीने सांगू द्यावे.

डॉ. जयंत नारळीकरांनी पानिपतावर लिहिलेल्या कथेत हेच फार सुंदर रीतीने साधले आहे. १४ जानेवारी १७६१ या दिवशी विश्वासरावांना लागलेली गोळी हुकली असती तर हिंदुस्थानचे काय झाले असते, हा प्रश्न; आणि त्याचे उत्तर शोधायला पाठवला आहे तो गंगाधरपंत नावाचा इतिहासाचा प्राध्यापक, ज्याला मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदताना दिसताच पहिली ओढ लागते ती ग्रंथालयाची. गोळी कानाजवळून निघून गेल्याचे त्याला कळते ते बखरीच्या एका पानातून. पर्यायी इतिहासाच्या दोन शतकांचा सारा भार त्या पानावर तोलला जातो, कारण ते वाचणाऱ्या माणसाची जन्मभराची विद्या तेथे पणाला लागलेली आहे.

यावर कोणी म्हणेल की, अशाने विसंगतीला मोकळे रान मिळेल. तसे नव्हे. अंतरे, ऋतू, धान्याचे भाव, मंत्रसामर्थ्याच्या मर्यादा, यांत लेखकाने काटेकोरच असले पाहिजे. चंद्राच्या कला तिथीशी जुळाव्यात म्हणून टॉल्किन यांनी लिहिलेला मजकूर पुन्हा दुरुस्त केला होता. शकावली हवीच, परंतु ती लेखकाच्या मेजावर असावी, आणि पात्रांच्या तोंडी करीने असावेत. तिसराही एक प्रकार आहे: अंधारातून वाट काढणाऱ्या गॅन्डाल्फची तुलना अरागॉर्न राणी बेरुथिएलच्या मांजरांशी करतो आणि कथा पुढे जाते. ही मांजरे कोण, हे ते वाक्य लिहिताना टॉल्किन यांनाही ठाऊक नव्हते. अशा उल्लेखांचा आम्हांस लोभ आहे, पण तो शोभतो तो बाकीचे सारे ठाऊक असलेल्या लेखकालाच. ज्याच्या पोतडीत मांजरांखेरीज काहीच नाही, त्याचे रितेपण दहाव्या पानावर उघडे पडते.

तेव्हा यापुढे लेखकांनी हस्तलिखितासोबत वंशावळी आणि कालपट पाठवू नयेत, ते आपल्याजवळ जपून ठेवावेत. कथेतील दोन माणसांनी एकाच घटनेची दोन वृत्ते सांगितली असतील, तर त्यांतले खरे कोणते आणि दुसऱ्याने असत्य का सांगितले, हे आम्ही पत्राने विचारू. त्याचे उत्तर मात्र लेखकापाशी तयार असावे.