विठाबाईंसमोर आम्ही बसलो त्याची गोष्ट

यंदा परंदवडीत आमच्या जत्रेच्या बैठकीला महिला मंडळातर्फे आम्ही तिघी गेलो होतो. वर्गणी किती, कुस्त्यांचा इनाम किती, हे ठरलं. मग तमाशाचा विषय निघाला. सुपारी द्यायला नारायणगावच्या राहुट्यांवर कोण जाणार हे ठरवताना एक कारभारी म्हणाले, "आधी विचारा, पोरी किती आणि वयानं कशा. मागच्या साली निम्म्या म्हाताऱ्याच होत्या." सगळे हसले. आम्ही तिघी गप्प बसलो. घरी येईपर्यंत मला त्या गप्प बसण्याची लाज वाटत होती, कारण तमाशातल्या एका 'म्हाताऱ्या' बाईपुढे मी एकदा बसलेली आहे. विठाबाई नारायणगावकरांपुढे.

लहानपणी तमाशा मी फक्त ऐकलेला होता. जत्रेच्या रात्री पुरुष आणि पोरं फडाकडे जायची आणि बाया घराची कडी लावून निजायच्या. ढोलकी मात्र कडी लावून थांबत नाही. कर्ण्यावरून येणारं गाणं ऐकत आई भाकरीचं पीठ चाळायची. थांबून ऐकते आहे हे कुणाला दिसू नये म्हणून चाळणी हलत ठेवायची. "चांगल्या घरच्या बाया तमाशाला जात नाहीत," एवढंच कारण आम्हाला माहीत होतं.

पुढे मी चळवळीत आले आणि तमाशाला न जाण्याचं माझं कारण बदलले. आता मी शिबिरांमधून सांगू लागले की तमाशा म्हणजे बाईची वस्तू करणं, पुरुषांच्या करमणुकीसाठी खालच्या मानलेल्या जातींतल्या बायांना नाचवणं. बोलणं खोटं नव्हतं. पण ते बोलणारी मी एकाही फडासमोर बसलेली नव्हते, हेही तितकंच खरं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेजारच्या गावच्या जत्रेला विठाबाई येणार असं कळलं. आमच्यातली एक म्हणाली, "ज्या बाईला दोनदा राष्ट्रपती पदक मिळालंय, तिला आपण बघायचंसुद्धा नाही का?" आम्ही सातजणी निघालो. भात काढून रिकाम्या झालेल्या खाचरात दोन ट्रॉल्या जोडून रंगमंच केला होता. वर आभाळ, समोर हजारभर पुरुष. आम्ही एका कडेला सतरंजी टाकली. आधी कुजबूज झाली, मग कुणीतरी ओरडलं, "आया-बहिणी आल्यात, सांभाळून रे!" म्हणजे आम्ही नसतो तर सांभाळायचं कारण नव्हतं. जी रंगमंचावर होती ती कुणाची आई-बहीण नव्हती.

गण झाला, गौळण झाली. तरण्या मुली नाचल्या, शिट्ट्या झाल्या, टोप्या उडाल्या. मग विठाबाई आल्या. तेव्हा त्या साठीच्या आसपास होत्या. अंग भरलेलं, चाल जपून. मागून एक पोरगा ओरडला, "आजी, बसा खाली!" हशा झाला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. ढोलकीवाल्याकडे पाहिलं, तुणतुणं लागलं आणि त्यांनी आवाज लावला.

आवाज थकलेला होता, हे मी लपवत नाही. वरच्या सुराला तो चिरत होता, श्वास मध्येच तुटत होता. पण कुठला शब्द सोडायचा आणि कुठला धरायचा, ढोलकीला कुठे पुढे जाऊ द्यायचं आणि कुठे समेवर गाठायचं, हे त्या जसं करत होत्या तसं त्या तरण्या मुलींपैकी एकीलाही येत नव्हतं. नुसत्या भुवईच्या हालचालीवर पुढची रांग गप्प होत होती. तो ओरडणारा पोरगाही गप्प झाला. माझ्या शेजारची मैत्रीण डोळे पुसत होती आणि मी मनातल्या मनात माझी शिबिरातली भाषणं तपासत होते. मी ज्या 'वस्तू'बद्दल बोलत आले होते, ती वस्तू नव्हती. ती आपलं काम इतरांपेक्षा जास्त जाणणारी कामकरी बाई होती.

विठाबाईंचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा फड. विठाबाई फडातच वाढल्या. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपती पदक मिळालं. त्यांची एक हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. ही हकीकत सांगताना लोकांचा ऊर भरून येतो. केवढी ती कलेवरची निष्ठा! मला मात्र दर वेळी वाटतं, त्या बाईला त्या रात्री सुट्टी का नव्हती? बाळंतपणाच्या भरपगारी रजेचा कायदा देशात १९६१ साली झाला. फडावरच्या बाईपर्यंत तो कधी पोचला? आपण जिला निष्ठा म्हणतो, तिच्यात रात्रीची सुपारी बुडण्याची भीती किती होती?

१५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. शेवटचे दिवस हलाखीचे होते. दवाखान्याचं बिल लोकांनी दिलेल्या मदतीतून भागवावं लागलं. २००६ पासून त्यांच्या नावानं राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. पुरस्काराला माझा विरोध नाही. पण जिच्या नावाचा पुरस्कार, तिच्या औषधाला पैसे नव्हते, हे विसरून टाळ्या कशा वाजवायच्या?

म्हातारपण सगळ्या कलावंतांना येतं, पण सारखं येत नाही. २००७ साली पंचाऐंशी वर्षांचे भीमसेन जोशी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात गायला बसले, तेव्हा लोकांनी जीव कानात आणून ऐकलं. तसंच ऐकायला हवं होतं. हा फरक नुसता पुरुष-बाईचा आहे असंही म्हणता येत नाही. आशा भोसले २०२३ साली नव्वदाव्या वाढदिवसाला दुबईत गायल्या आणि आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला. मग फडावरची बाई साठीत पोचली की 'आजी, बसा खाली' का? कारण तिची कला आपण कधी कला म्हणून मोजलीच नाही. तिचं अंग मोजलं. अंग उतरलं की किंमत उतरली. त्यात तिची जात मिसळली की हिशेब पुरा होतो.

इथे आपण आपल्याकडेही पाहायला हवं. २००५ साली राज्यात डान्सबारवर बंदी आली तेव्हा आपल्यातल्या काही संघटना बंदीच्या बाजूनं होत्या, काही विरोधात. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी अवैध ठरवली, पण तोवर त्या मुलींच्या चुली केव्हाच विझल्या होत्या. त्या वादातून मी एक शिकले. नाचणाऱ्या बाईला वाचवायला निघण्याआधी तिला विचारावं की तुला काय हवंय.

कुणी म्हणेल, ही आता तमाशाचे गोडवे गाऊ लागली. नाही. दौलतजादा करताना हात धरणारे पुरुष मी पाहिलेत. मालकाकडून घेतलेली उचल फेडता फेडता म्हाताऱ्या झालेल्या बायाही पाहिल्यात. शोषण आहेच. पण शेतमजूर बाईचं शोषण होतं म्हणून आपण शेती वाईट म्हणत नाही, मजुरी मागतो. इथेही तेच मागायला हवं.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवते. गावच्या जत्रेच्या बैठकीत बायांनी बसावं, आणि सुपारी ठरवताना वय विचारू नये असा आग्रह धरावा. फडातल्या बायांना कपडे बदलायला आडोसा, संडास, प्यायचं पाणी आणि पाठ टेकायला जागा गावानं द्यावी. रात्रभर नाचून सकाळी हजेरीला उभ्या राहणाऱ्या बाईला एवढं मिळायलाच हवं. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाची सरकारी योजना आहे, २०२४ साली ते महिना ५,००० रुपये झालं. पण त्याला कलेचे पुरावे, दाखले, कागद लागतात. गावोगाव फिरणारी बाई हे कुठून आणणार? बचत गटाचे कागद आपण करतोच, तर आपल्या पंचक्रोशीतल्या चार कलावंत बायांचेही करू. आणि शेवटचं म्हणजे, समोर जाऊन बसावं. बाया समोर बसल्या की शिव्या कमी होतात, गाणं वाढतं.

परवा मी पुन्हा त्या कारभाऱ्यांकडे गेले. त्यांना आडोसा आणि संडास पटला. वयाचं पटलं नाही. "लोकं शिट्ट्या मारायला येतात, बाई," म्हणाले. मी म्हटलं, "सगळी लोकं नाही. आम्ही ऐकायला येणार आहोत." यंदा आमच्या अकराजणींची नावं झालीत. माझ्या आईचंही आहे. तिनं आयुष्यभर कर्ण्यावरून ऐकलं, आता समोरून ऐकेल.

तुमच्या गावच्या जत्रेत काय होतं? जरूर लिहा.