गुऱ्हाळाचा वास नव्हता तो!

मे महिन्यातला शनिवार. मी, आई आणि माझी आठ वर्षांची सेकंड हँड हॅचबॅक, असे आम्ही तिघं पुण्याहून दौंडला निघालो होतो. मामाकडे राहणाऱ्या आजीला घेऊन यायचं होतं. सोमवारी सकाळी पुण्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. अंतर जेमतेम ८० किलोमीटर. अकरापर्यंत पोचायचं, मामीच्या हातचं जेवायचं, चारला परत. सॉलिड प्लॅन!

यवत मागे पडलं आणि एसीची हवा कोमट व्हायला लागली. म्हटलं, मे महिना आहे, चालायचंच. चौफुल्याजवळ गाडीत गोडसर वास यायला लागला.

"कसला गं वास येतोय?" आईने विचारलं.

पत्रकार माणसाकडे उत्तर तयार असतंच. "अगं, केडगावचा पट्टा आहे हा. गुऱ्हाळं आहेत इथे. गूळ शिजत असेल कुठेतरी."

आईला पटलं. मलाही पटलं. टेंपरेचरचा काटा मधली जागा सोडून वर सरकलेला मला दिसत होता, नाही असं नाही. पण 'आता पाटस आलंच की' म्हणत मी गाडी तशीच दामटली. वरवंडच्या पुढे बॉनेटमधून भस्सकन वाफ आली आणि इंजिनाने मान टाकली.

मग मी सगळ्यात मोठा शहाणपणा केला. बॉनेट उघडलं, हाताला ओढणी गुंडाळली आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात समोरच्या टपरीवरून एक टेम्पोवाले काका ओरडत आले, "ताई, हात लावू नगा! तोंड भाजंल!" त्यांचा क्लीनर असाच भाजला होता म्हणे. कुकरची वाफ जिरायच्या आधी आपण झाकण उघडतो का? रेडिएटरचंही अगदी तसंच. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं. झाकण सैल झालं की ते थेट तोंडावर येतं.

आणि तो वास? तो कूलंटचा होता. त्यातल्या ग्लायकॉलला गोडसर वास असतो. रबरी होज पाइप फाटला होता आणि कूलंट तापलेल्या इंजिनावर गळत होतं. चौफुल्यालाच थांबले असते तर काही शे रुपयांत भागलं असतं. पुढची दहा मिनिटं दामटल्यामुळे हेड गॅस्केट गेलं. बिल १६ हजार! म्हणजे माझे अख्खे चार लेख.

तेव्हापासून मी गॅरेजवाल्यांचं डोकं खाऊन जे शिकले, ते तुमच्यासाठी.

काटा चढला तर…

एसी बंद करा आणि हीटर फुल करा. हो, मे महिन्यातही! इंजिनाची थोडी उष्णता त्यामुळे गाडीत ओढली जाते. घाम फुटेल, पण कडेला जाण्यापुरता वेळ मिळेल. मग इंजिन बंद. निदान अर्धा-पाऊण तास काहीही उघडायचं नाही. गरम इंजिनावर गार पाणी तर अजिबात ओतायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो. सगळं गार झालं की कूलंटच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत मिनिमम-मॅक्सिममच्या खुणा बघा. अडीनडीला साधं पाणी चालतं, पण ते गॅरेजपर्यंतच. पाणी ओतलं आणि खाली लगेच गळायला लागलं, तर सरळ टोइंग. कूलंट भरलेलं असूनही काटा चढत असेल, तर बहुतेक वेळा रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज किंवा थर्मोस्टॅट यांच्यापैकी कोणीतरी संपावर गेलेलं असतं.

नुसतंच टक् टक्

ऑफिस सुटलं, किल्ली फिरवली, टक् टक् आवाज आला आणि दिवे मंद झाले, तर बॅटरी बसलीय. जंप स्टार्टचा क्रम पाठ करून ठेवा. लाल वायर आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण बसलेल्या बॅटरीतून वायू निघतो आणि ठिणगी पडली तर तो पेटू शकतो. धक्का मारून चालू करायची युक्ती फक्त गिअरवाल्या गाड्यांसाठी. ऑटोमॅटिकवाल्यांनी मित्रांना उगाच घाम गाळायला लावू नये! आणि चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला, तर दोष बहुधा अल्टरनेटरचा किंवा त्याच्या बेल्टचा असतो. नवी बॅटरी घेण्याआधी तेवढं तपासून घ्या.

दिव्यांची भाषा

फंडा सोपा आहे. पिवळा दिवा म्हणजे 'लवकर दाखवून घे'. लाल दिवा म्हणजे 'आत्ता थांब'. त्यातही ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला, तर पुढच्या पंपापर्यंतसुद्धा जायचं नाही. ऑइलचा दाब नसेल तर इंजिन काही मिनिटांत कायमचं बसतं. ब्रेकचा पेडल मऊ लागून खाली जात असेल, तर गाडी जागची हलवूच नका.

टायर बसला तर…

स्टिअरिंग घट्ट धरा, ब्रेकवर उभे राहू नका, हळूहळू वेग कमी करत कडेला या. हँडब्रेक लावा, चाकामागे दगड ठेवा. नट आधी सैल करा, मग जॅक लावा. जॅकवर चढलेल्या गाडीचे नट सोडायला गेलात तर गाडी सरकते. आणि डिकीतल्या स्टेपनीत हवा आहे का, हे आजच बघा. माझ्या स्टेपनीत नव्हती.

सगळ्यात महत्त्वाचं, उभं कुठे राहायचं? मी काय केलं, तर आईला उन्हाचं लागू नये म्हणून गाडीतच बसवलं. काकांनी तिला आधी उतरवून रस्त्यापासून लांब, बाभळीखाली नेलं. हायवेवर थांबलेल्या गाडीला मागून धडक बसायचा धोका मोठा. चारही इंडिकेटर चालू, लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे आणि माणसं रस्त्याच्या बाहेर. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठल्याही संकटात ११२, हे दोन नंबर सेव्ह करा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स आहे का, तेही बघून ठेवा. आपण ते पैसे भरतो आणि विसरतो.

पाटसच्या मेकॅनिकने गाडी ओढून नेली. आम्ही दौंडला पोचलो तेव्हा पाच वाजले होते. आजी सकाळपासून पिशवी भरून दारात बसलेली. 'लेकीबरोबरच जेवीन' म्हणून उपाशी. माझं तोंड इतकंसं झालं.

मामा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता. रागावला नाही, एवढंच म्हणाला, "आम्ही आधी थांबायचो, मग कारण शोधायचो. तू आधी कारण शोधलंस, आणि थांबायचंच राहून गेलं."

रविवारी आजीला रेल्वेनेच पुण्याला आणलं. ऑपरेशन छान झालं. हल्ली ती माझ्या गाडीत हट्टाने पुढच्या सीटवर बसते आणि दर पाच मिनिटांनी वाकून बघते, "काटा मध्येच आहे ना गं?"

मध्येच आहे, आजी. आणि नसला, तर थांबते.