पंखावर टकटक!

मुलांनो, कुंभाराकडे माठ घेताना आई काय करते, पाहिलंत? बोटाने टकटक करते. खणखणीत वाजला तर पसंत, बद्द वाजला की खाली! गंमत म्हणजे काही विमानांचे पंखसुद्धा असेच वाजवून बघतात, नाण्याने.

ही विमानं हौशी माणसं घरच्या गॅरेजमध्ये बांधतात. अमेरिकेत तशी परवानगी आहे. मुख्य अट अशी, निम्म्याहून जास्त काम हौशी मंडळींनीच केलेलं हवं. तिथल्या बर्ट रुटान या अभियंत्याचं 'व्हेरीईझी' हे चिमुकलं विमान 1975 मध्ये उडालं आणि पुढच्या वर्षी त्याने त्याचे नकाशे विकायला काढले. यात पत्रा नाहीच! थर्माकोलसारखा फोम तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचतंतूंचं कापड अंथरायचं, ते इपॉक्सी नावाच्या राळेने भिजवायचं. राळ घट्ट झाली की पंख तयार. याच रुटानच्या 'व्हॉयेजर' विमानाने (त्यात कार्बनचे धागे होते) डिसेंबर 1986 मध्ये कुठेही न उतरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. म्हणजे पद्धत काही लेचीपेची नव्हे.

मग घोडं अडतं कुठे? पत्रा कारखान्यातून तपासून येतो. इथे मात्र पंखाचा मालच आपल्या हाताने तयार होतो. राळ आणि तिला घट्ट करणारं रसायन ठरलेल्या प्रमाणात मोजून घ्यावं लागतं. अंदाजपंचे घेतलं की राळ कच्ची राहते. (घरी दोन नळ्यांचं ॲराल्डाइट असेल, तर बाबांना विचारा!) राळ कमी पडली तर कापड कोरडं राहतं, जास्त झाली तर वजन वाढतं, ताकद मात्र वाढत नाही. कापडाचे धागे तिरपे अंथरायचे ते सरळ अंथरले, तर पंख भलत्याच बाजूने कमजोर. थरात हवेचा बुडबुडा अडकला, तर तिथे थर सुटलेलाच. नाणं वाजवतात ते हा बुडबुडा शोधायला. आवाज बद्द आला, की तिथे खूण करतात.

पुढे तयार साच्यातल्या भागांचे संचही मिळू लागले. पंखाचे वरचे-खालचे अर्धे भाग आणायचे आणि चिकटवायचे. काम सोपं झालं, पण खरी मेख इथेच आहे. चिकटवण्याआधी पृष्ठभाग पॉलिशपेपरने घासला नाही, किंवा साच्याचं मेण तसंच राहिलं, तर जोड चिकटल्यासारखा दिसतो, नाण्याखाली छान वाजतोही, आणि तरी ताण आला की उकलू शकतो! एकदा पंख बंद झाला, की आत डोकावणार कोण? म्हणून शहाणा हौशी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढतो, वहीत तारीख घालून लिहितो आणि झाकण्याआधी जाणकाराला बोलावतो. चूक निघालीच तर आठवडाभराचं काम कापून फेकावं लागतं. माझ्या वर्गात नुसतं चित्र पुन्हा काढायला सांगितलं तरी केवढी तोंडं पडतात!

रविवारी एक प्रयोग करा. आइस्क्रीमच्या चार काड्या घ्या. दोन घासून, पुसून फेव्हिकॉलने चिकटवा. उरलेल्या दोघींना आधी तेलाचं बोट लावा, मग चिकटवा. दुसऱ्या दिवशी ताईला किंवा दादाला नुसतं बघून ओळखायला सांगा, पक्की जोडी कुठली? मग दोन्ही ओढून बघा, आणि काय झालं ते मला पत्राने कळवा.