हाताच्या कामाचा हिशेब

गेल्या महिन्यात घरी एका निकाहची पत्रिका आली. आपल्याकडे पत्रिका म्हटली की चकचकीत कागद, सोनेरी अक्षरं आणि आत पुन्हा एक लिफाफा. ही वेगळी होती. जाडसर, थोडा खरखरीत कागद. त्यावर डाळिंबाची एक फांदी, हिरव्या आणि लाल अशा दोनच रंगांत. फांदीच्या एका बाजूला उर्दूत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत वधूवरांची नावं. एका डाळिंबाचा लाल रंग किंचित विरळ उतरला होता. माझा मुलगा म्हणाला, "अम्मी, छपाई नीट झालेली नाही."

मी पत्रिका उलटी केली. मागच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात चित्रकाराचं नाव होतं. ते वाचलं आणि मला माझा सातवीचा वर्ग आठवला.

ही माझीच विद्यार्थिनी. आमच्या मिरजेच्या उर्दू शाळेत मी तिला मराठी शिकवत होते. तिच्या मराठीच्या वहीत समासभर बकऱ्या, शेवया, मिनार आणि शिवणयंत्रं काढलेली असायची. समास हा लाल पेनासाठी असतो, चित्रांसाठी नाही, असं मी तिला कितीदा तरी सुनावलं होतं. पुढे ती कोल्हापूरला उपयोजित कला शिकली, एवढं कानावर होतं. पत्रिका पाहिल्यावर राहवलं नाही. फोन केला आणि एका रविवारी तिच्या घरी गेले.

खाली अम्मीचं शिवणकाम आणि वर गच्चीलगतच्या खोलीत हिचं काम. ती कुठे नोकरीला नाही, फ्रीलान्स काम करते. पुस्तकांची चित्रं, दुकानांच्या पाट्या, मसाल्याच्या पाकिटांची सजावट. ही कामं संगणकावर होतात आणि घर त्यावर चालतं. मधल्या वेळात ती हाताने काही ना काही बनवते. त्यातली तीन कामं तिने मला दाखवली. ती पाहताना मला जे समजलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

पहिलं काम पत्रिकेचं. ही लिनोची छपाई. लिनोलियमची जाड शीट मिळते. ती जवसाचं तेल, बुचाची भुकटी वगैरे एकत्र करून तागाच्या कापडावर थापलेली असते. थंडीत ती कडक होते, म्हणून ही आधी तिला उन्हात ठेवते. चित्र शीटवर उतरवायचं आणि जिथे कागद कोरा राहायला हवा तेवढा भाग कोरून काढायचा. उरलेल्या उंच भागावर रुळाने शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि लाकडी चमच्याच्या पाठीने घासायचा. कागद उचलला की चित्र तयार. दोन रंग हवे असतील तर दोन ठोकळे कोरायचे आणि प्रत्येक कागद दोनदा घासायचा. तेलाची शाई वाळायला दिवस लागतात, म्हणून खोलीभर दोऱ्या बांधून पत्रिका चिमट्यांनी टांगलेल्या होत्या.

छापल्यावर सगळं उलटं उमटतं, म्हणून अक्षरं ठोकळ्यावर उलटी कोरावी लागतात. म्हणजे गंमत बघा, ठोकळ्यावर उर्दू डावीकडून सुरू होते आणि मराठी उजवीकडून! ती सांगत होती, "आपा, इथे खोडरबर नाही. एकदा हात घसरला आणि जीमचा नुक्ताच उडाला. जमीलाची हमीला झाली. दोन दिवसांचं काम टाकून नवा ठोकळा घेतला." नुक्ता विसरला म्हणून मी मुलांचे अर्धे गुण कापते. हिने एका नुक्त्यासाठी दोन दिवस दिले होते.

दुसरं काम म्हणजे एक पुस्तक, तिच्या भावाच्या मुलांसाठी केलेलं. मोठा मुलगा उर्दू शाळेत जातो आणि धाकटी मराठी शाळेत. गोष्ट साधी आहे. बाजारात हरवलेलं करडू शोधायला एक मुलगा आणि एक मुलगी निघतात. चित्रं अम्मीच्या मशिनखाली पडलेल्या कापडाच्या तुकड्यांची. लुंगीच्या चौकडीतून दुकानाची फळी झाली आहे आणि सलवारच्या अस्तरातून आभाळ. पानं सुई-दोऱ्याने शिवलेली आहेत. पुस्तक डावीकडून उघडलं तर मराठीत वाचता येतं आणि उजवीकडून उघडलं तर उर्दूत. दोन्हीकडून आठ-आठ चित्रं पुढे सरकतात आणि मधल्या जोडपानावर दोघांना करडू सापडतं.

मी म्हटलं, "आठ चित्रं काढून संगणकावर उलटी केली असती तर अर्धं काम वाचलं असतं."

ती हसली आणि एक चित्र संगणकावर उलटं करून दाखवलं. त्यातला मुलगा डाव्या हाताने भाकरी खाऊ लागला. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी झाली. सदऱ्याची बटणपट्टी दुसऱ्या बाजूला गेली. "आणि आपा, मराठी पुस्तकात मुलगा उजवीकडे धावला तर तो पुढच्या पानाकडे धावतो. तेच चित्र तसंच उर्दू पुस्तकात टाकलं तर तो मागे पळत सुटतो." म्हणून तिने सोळाही चित्रं वेगवेगळी केली. मी वीस वर्षं दोन्ही भाषा शिकवते आहे, पण पान उलटण्याची दिशा चित्रालाही लागू असते, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तिसरं काम आमच्या गावचं. मिरजेतल्या सतारी आणि तंबोरे करणाऱ्या कारागिरांकडे बसून तिने चित्रं काढली आहेत. पंढरपूरकडून येणारे सुकवलेले भोपळे, तुनाचं लाकूड, पटाशा, खुंट्या आणि पट्टीवर झुकलेले म्हातारे हात. लांब कागदाच्या घड्या घालून तिने त्याचं एक पुस्तक केलं आहे. उलगडलं की सारी गल्ली समोर मांडल्यासारखी दिसते. हे काम एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून सुरू झालं असं मानतात. हत्यारांना धार लावणाऱ्या हातांनी वाद्यं घडवायला घेतली. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हा गावकऱ्यांची मान ताठ झाली होती.

ती पानं उलगडताना ती सहज म्हणाली, "आपा, त्या दुकानात जाऊन कुणी म्हणत नाही की ओळखीचे आहोत, एक तंबोरा तसाच द्या. मला मात्र रोज म्हणतात."

मग तिने एक वही काढली. त्यात पत्रिकांचा हिशेब होता. पत्रिका १५०. चित्र ठरवायला ६ तास. दोन ठोकळे कोरायला ९ तास. दोन रंग म्हणजे ३०० वेळा घासणं, त्याला १० तास. कापणं, दुमडणं, टांगणं यासाठी ५ तास. एकूण ३० तास. कागद, शाई, लिनो मिळून खर्च २,१०० रुपये. मुलीकडच्या एका नातेवाइकांनी आधी तिला ३,००० देऊ केले होते, कारण प्रेसमध्ये तेवढ्यात होतात. मी शिक्षिका, वजाबाकी माझ्या तोंडपाठ. उरले ९०० रुपये, म्हणजे तासाला ३०. नवरी मुलीने मात्र हिशेब ऐकला आणि योग्य मोल दिलं, म्हणून ती पत्रिका माझ्यापर्यंत पोहोचली.

"लोक काय म्हणतात?" मी विचारलं. उत्तर खालून चहा घेऊन आलेल्या तिच्या अम्मीने दिलं: "दो लकीरां मारने के, उसके क्या पैसे?" आणि पुढे म्हणाल्या, "आधी मीसुद्धा हेच म्हणायचे. नंतर आठवलं, मलाही बायका म्हणतात की नुसती फॉलबीडिंग तर आहे."

हे ऐकताना मी मान खाली घातली होती. चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ मी तिच्याकडूनच करून घेतलं होतं. तीनदा बदल सांगितले. पैशांचा विषय काढला नाही. "आपल्याच शाळेचं काम आहे" एवढंच म्हणाले. वर छापताना तिचं नाव टाकायचं राहून गेलं. त्याच स्मरणिकेच्या छापखान्याचं बिल मात्र आम्ही वेळेवर भरलं होतं.

भगिनींनो, आज आपल्या कितीतरी मुली घरात बसून चित्रं काढतात, मेंदी रेखाटतात, केक सजवतात, अरबी-उर्दू अक्षरांच्या फ्रेमा करतात. घराबाहेर न पडता दोन पैसे मिळतात म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो. पण पहिली फुकटची मागणी आपणच करतो, घरातली आहे, नात्यातली आहे म्हणून. ओळखीतल्या माणसाने तर दोन पैसे जास्त द्यावेत. आपण नाही द्यायचे तर परका कशाला देईल?

मुलींसाठीही दोन शब्द. कामाआधी लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढून दिलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्याची पहिली मालकी काम देणाऱ्याकडे जाते. म्हणजे पत्रिकेसाठी दिलेलं डाळिंब उद्या तो पिशव्यांवरही छापू शकतो. म्हणून चित्र कशासाठी, किती वेळा वापरायचं, हे कागदावर असू द्या. चित्र मी काढलं हे सांगण्याचा हक्क मात्र मालकी गेली तरी कलाकाराकडेच राहतो. उरलेली रक्कम ही उधारीच असते आणि मुदतीची उधारी लिहून ठेवण्याचा आदेश तर कुरआनच्या सर्वांत लांब आयतीत आहे. लिहून मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. लिहिलेलं असलं की नातंही टिकतं.

निघताना मी पर्समधून पाकीट काढून तिच्यापुढे धरलं आणि चार वर्षांपूर्वीच्या मुखपृष्ठाचं म्हटलं. तिने ते घेतलं नाही. म्हणाली, "आपा, ते राहू द्या. पुढचं काम असेल तर बोला."

पुढचं काम होतं. यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या प्रमाणपत्रांचं. तिने नवं पान उघडून लिहिलं: प्रती १२०, एक रंग, मराठी आणि उर्दू, बदल दोनदाच, निम्मी रक्कम आगाऊ, खाली चित्रकाराचं नाव. मग वही माझ्यापुढे सरकवली. मी समासात सही करायला गेले, तर म्हणाली, "तिथे नको आपा, खाली रेघेवर करा. समास चित्रांसाठी असतो."