सुपरमॅन आणि प्रवचनाची टिपणं

२०१३ साली सुपरमॅनवरचा ‘मॅन ऑफ स्टील’ हा चित्रपट आला तेव्हा वॉर्नर ब्रदर्सने अमेरिकेतल्या पाळकांसाठी खास खेळ ठेवले, येशू आणि सुपरमॅन यांच्यातली साम्यं सांगणारी प्रवचनाची टिपणंही पुरवली. चित्रपटातला नायक स्वतःचं वय ३३ सांगतो, चर्चमध्ये धर्मगुरूशी बोलतो. काही पाळकांना ही संधी वाटली, काहींना उपासनेचा बाजार. बाजाराचा हा आक्षेप रास्तच. इतर सुपरहिरो चित्रपटांवरही आक्षेप आहेत. ‘डॉक्टर स्ट्रेंज’मधल्या जादूला विरोध करणारे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा अठरावा अध्याय पुढे करतात, पण त्याचा दिग्दर्शक स्कॉट डेरिकसन स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती! मग ठरवायचं कसं? मूर्तीपुढच्या नैवेद्याबद्दल करिंथकरांना लिहिताना प्रेषित पौलाने मोकळीक मान्य केली, मात्र दुबळ्या मनाच्या बंधूला त्यामुळे ठेच लागू नये, असं बजावलं. या कसोटीवर रक्तबंबाळ, शिवराळ ‘डेडपूल’ निदान मुलांसमोर तरी बाद ठरतो. जादूचा प्रश्न प्रत्येक घर वेगळा सोडवेल.