डीपी जळत नाही, आपण जाळतो

परवा रात्री शिवारातली ६३ केव्हीएची डीपी पुन्हा गेली. गहू निसवतोय, कांदा पोसायला लागलाय. वायरमनचं एकच पालुपद, "तुम्ही लोड वाढवला."

वाढवला, खरं आहे. ६३ च्या डीपीला ८४ अँपिअरच्या आसपास पेलतं. ५ घोड्याची मोटर सात-साडेसात ओढते. म्हणजे मोटारी अकरा. आमच्या सतरा! वरून सगळ्यांचे ऑटोस्विच. लाईट आली की सतराच्या सतरा एकदम उठतात, आणि उठताना मोटर पाच-सहा पट करंट खाते.

पण सबस्टेशनच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला रिले असतात ना? डिफरन्शियल रिले दोन्ही बाजूचा करंट ताडून बघतो, आत फॉल्ट दिसला की ब्रेकर पाडतो. टाकी आणि वरच्या तेलाच्या डब्याच्या मधे बुखोल्झ रिले असतो. गॅस साठला की घंटा, तेल उसळलं की ट्रिप. आमच्या डीपीला काय? वर डीओ, खाली किटकॅट. तेवढाही फ्यूज आपण ठेवत नाही. ॲल्युमिनियमच्या तारेचे तीन पदर पिळून घालतो (मीही घातलेत, खोटं कशाला बोलू). मग फ्यूज राहतो आणि वायंडिंग वितळतं.

वीजवाल्यांनी पेटीत एमसीसीबी बसवावा, पेटीला कुलूप लावावं. आणि आपण? डीपी उतरवायला वर्गणी पटकन निघते, मग १०० केव्हीएच्या अर्जावर सही करायला का मागं सरता? अर्ज लिहून ठेवलाय. उद्या सकाळी पारावर या, ऑटोस्विचचंही तिथंच ठरवू.