शरीर आमचं, मग ज्ञान कुलपात का?



‘अंतरा’चं इंजेक्शन घ्यावं की न घ्यावं, हा प्रश्न आता प्रत्येक आरोग्य शिबिरात येतो. दर तीन महिन्यांनी घ्यायचं हे गर्भनिरोधक २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतं. औषध जुनंच आहे, डेपो-प्रोव्हेरा. अशा इंजेक्शनांशी आपल्या चळवळीची ओळखही जुनी. १९८५ साली हैदराबादजवळच्या पाटनचेरूत नेट-एन या इंजेक्शनची चाचणी बायांना धड माहिती न देता चालली आहे, हे उघड झालं. १९८६ मध्ये स्त्रीशक्ती संघटना, सहेली, चिंगारी या गटांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांची मागणी साधी होती: आमच्या शरीरात काय घालता ते आधी आम्हाला सांगा.

आज हीच मागणी संशोधनाच्या बाबतीत करायला हवी, असं मला वाटतं. त्याचं कारण सांगते.

मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फ्रान्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या आवरणावर मेनिंजिओमा नावाची गाठ होते. ती बहुधा कर्करोगाची नसते, पण कधी कधी शस्त्रक्रिया करावी लागते. अशी शस्त्रक्रिया झालेल्या १८,०६१ स्त्रियांची माहिती संशोधकांनी तपासली. डेपोचं औषध वर्षभर किंवा जास्त काळ घेणाऱ्यांमध्ये या गाठीचा धोका सुमारे साडेपाच पट आढळला. या गाठीच्या अनेक पेशींवर प्रोजेस्टेरॉन संप्रेरकाला प्रतिसाद देणारी ग्राहकं असतात, त्यामुळे हा संबंध अनाकलनीय नाही. पण त्याच लेखात पुढचंही लिहिलं आहे. त्या १८,०६१ जणींपैकी हे इंजेक्शन घेतलेल्या फक्त ९ होत्या. म्हणजे पट मोठी असली तरी मुळात आजार दुर्मीळ आहे. ‘साडेपाच पट’ एवढंच ऐकलेली बाई घाबरून इंजेक्शन सोडेल आणि नको असलेलं गरोदरपण ओढवून घेईल. ‘काही होत नाही’ एवढंच ऐकलेली बाई सततच्या डोकेदुखीकडे दुर्लक्ष करील. दोघींनाही पूर्ण वाक्य मिळालं पाहिजे.

मी हे पूर्ण वाक्य सांगू शकले, कारण तो लेख कुणालाही मोफत वाचता येतो. यालाच मुक्त प्रवेश म्हणतात. २००२ मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्यानं त्याची व्याख्या केली आणि नंतर त्याची चळवळ झाली. पण सगळे लेख असे नसतात. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना मला संस्थेच्या ग्रंथालयातून हवं ते जर्नल मिळायचं. पदवी हाती पडली आणि ते दार बंद झालं. वस्तीत काम सुरू केलं, वाचनाची खरी गरज तेव्हा लागली, आणि एका लेखासाठी काही हजार रुपये मागणारी पाटी समोर आली. संशोधन बहुतेकदा जनतेच्या पैशातून होतं, लेख तपासणारे तज्ज्ञ बहुधा फुकट काम करतात, माहिती बायांच्या रक्तालघवीतून येते. मग कुलपाची किल्ली प्रकाशकाकडेच का?

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. २०१४ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान विभागांनी मुक्त प्रवेशाचं धोरण आणलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर झाली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० संस्था. पण या संस्था म्हणजे सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. आशाताई, समुपदेशन केंद्र, गावातला महिला गट त्यात नाहीत. सार्वजनिक पैशानं मोठं कुलूप उघडलं, पण आत जायला ओळखपत्र हवंच!

दुसरीकडे, वाचकाला मोफत देणारी काही नामांकित जर्नल्स लेखकाकडूनच हजारो डॉलर घेतात. म्हणजे वाचायला मोकळीक, लिहायला बंदी. छोट्या संस्थेनं आपल्या कामाचा अभ्यास छापायचा कुठे? मुंबईतून १९९३ पासून निघणारं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स वाचकांसाठी मोफत आहे. अशी प्रकाशनं टिकणं ही आपलीही जबाबदारी आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. खुलेपणा कागदाचा असावा, बाईच्या शरीराचा नव्हे. १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. ती त्याच वर्षी, ३१व्या वर्षी वारली. तिच्या पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या, पोलिओच्या लशीपासून पेशीविज्ञानापर्यंत कामी आल्या. २०१३ मध्ये त्या पेशींचा जनुकीय आराखडाही शास्त्रज्ञांनी कुटुंबाला न विचारता सर्वांसाठी खुला केला. कुटुंबानं हरकत घेतली, आराखडा मागे घ्यावा लागला, आणि पुढे तो कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत कुटुंबातल्यांना जागा मिळाली. एकाच बाईबाबत विज्ञान तिच्या घरच्यांना बंद आणि तिचं शरीर सर्वांना खुलं, असा उलटा न्याय होता तो.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. सार्वजनिक पैशातलं संशोधन पहिल्या दिवसापासून सर्वांना मोफत. ज्या बायांवर अभ्यास झाला, त्यांना निष्कर्ष त्यांच्या भाषेत, गावात येऊन सांगणं बंधनकारक. नमुने आणि वैयक्तिक माहिती त्यांच्या संमतीशिवाय कुणालाही नाही. तुमच्या गावात कुणी अभ्यासाला आलं, तर अर्जावर अंगठा देण्याआधी एवढं विचारा: निष्कर्ष आम्हाला कधी सांगणार?

आपल्या बाजूनं आपण सुरुवात करतो आहोत. पुढच्या अंकापासून दर तिमाहीला मोफत उपलब्ध असलेल्या एका आरोग्यविषयक लेखाचा सार सोप्या मराठीत या पानांवर देऊ. कोणता विषय हवा ते कळवा, आणि जिला इंग्रजी वाचता येतं तिनं एक तरी लेख गटात वाचून दाखवा. माहिती मागायला आपण १९८६ मध्ये न्यायालयात गेलो होतो. मिळालेली माहिती एकमेकींपर्यंत पोचवायला कुणाची परवानगी लागत नाही.